मामांचे ऑपेरा हाऊस

मुलांनो, मुंबईत एक गंमत आहे. चर्नी रोड स्टेशनच्या बाहेर उभे राहा आणि कोणालाही विचारा, "ऑपेरा हाऊस कुठे हो?" पानवाला सांगेल, टॅक्सीवाला सांगेल, हिऱ्यांच्या पुड्या खिशात घालून लगबगीने चाललेला दलालही हात दाखवेल. पण लगेच दुसरा प्रश्न विचारा, "ऑपेरा म्हणजे काय?" बहुतेक जण तुमच्याकडे बघतच राहतील. मला तर एकाने ठणकावून सांगितले, "अहो, ते एरियाचं नाव आहे!"

त्याला तरी कशाला हसू? लहानपणी मीही तसेच समजत होतो. आमचे घर अकोल्याला. माझे मामा मूळ मूर्तिजापूरचे, पण नोकरीला मुंबईत, एका कापूस दलालाच्या पेढीवर. गिरगावातल्या चाळीत एक खोली घेऊन राहायचे. दिवाळीला गावी आले की रात्री अंगणात बाज टाकून आम्हा पोरांना मुंबईच्या गोष्टी सांगायचे. राणीचा बाग, दुमजली बस, समुद्र. आणि शेवटी हमखास ऑपेरा हाऊस. तिथे त्यांनी रविवारी रविवारी जाऊन सिनेमे पाहिले होते. पण सिनेमाची गोष्ट ते कधीच सांगायचे नाहीत!

"अरे, तिथी खाली मान घालून बसाचंच नाही. मान वर करून छत पाहा लागते. माहा अर्धा सिनेमा त छत पाहण्यातच जाये," असे म्हणायचे. मग हाताने हवेत भला मोठा घुमट काढून दाखवायचे. "आठ पाकळ्या हायेत. आन् त्याच्यावर सोन्याची वेलबुट्टी. तू दहावी पास हो, तुले दाखवतो."

मी दहावी पास झालो जून १९९३ मध्ये. गुण बरे पडले. मामांनी शब्द पाळला, मला मुंबईला नेले. दुसऱ्याच दिवशी आम्ही इस्त्रीचे कपडे घालून निघालो, तर ऑपेरा हाऊसला कुलूप! त्याच वर्षी ते बंद झाले होते. मामांना ते माहीत असणारच, रोजचा रस्ता तो. पण दुरुस्तीसाठी चार-दोन महिने बंद असेल, तोवर उघडेल, असे त्यांनी मनाशी धरले असावे. आम्ही फाटकाच्या गजांतून आत बघत उभे राहिलो. कमानी दिसल्या, भिंतीतून उगवलेले पिंपळाचे एक रोप दिसले. मामा इतके ओशाळले, जणू कुलूप त्यांनीच लावले होते. मग मला चौपाटीवर नेऊन त्यांनी दोन प्लेट भेळ खाऊ घातली. एक मला आणि दुसरीही मलाच.

मामा निवृत्त होऊन मूर्तिजापूरला आले आणि २००९ साली गेले. ऑपेरा हाऊस उघडले २०१६ साली.

आता मीच मामा आहे. माझी बहीण अमरावतीला असते. तिची थोरली मुलगी दहावीत आहे, धाकटा सहावीत. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी तिघांची तिकिटे काढली. आगगाडीचीही आणि ऑपेरा हाऊसचीही.

अमरावतीहून संध्याकाळी मुंबईची एक्स्प्रेस सुटते. बडनेरा गेले की पुढे मूर्तिजापूर. मूर्तिजापूर आले, तसे मी दोघांना खिडकीशी बोलावले. इथूनच एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला अचलपूर अशी छोट्या रुळांची गाडी जायची. तिचे लाडके नाव 'शकुंतला'. आता ती धावत नाही. शंभर वर्षांपूर्वी ती घातली गेली मुख्यतः कापसासाठी. आपल्या वऱ्हाडातला कापूस जिनात जायचा, सरकी निघून रुई व्हायची, प्रेसमध्ये तिच्या गाठी बांधल्या जायच्या आणि त्या गाठी या रुळांवरून मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला. काही मुंबईच्या गिरण्यांत जायच्या, काही जहाजाने थेट विलायतेला.

"पण मामा, आपण नाटकगृह पाहाले चाललो न? मग कापूस काहून सांगून राह्यले?" धाकटा म्हणाला.

प्रश्न बरोबर होता. मी म्हटले, थांब, कापूस पुढे पुन्हा भेटणार आहे.

अकोल्याला आईने डबा पाठवला होता. तो खाता खाता थोरलीने विचारले, ऑपेरा म्हणजे नक्की काय? तिने मोबाइलवर एक बाई खूप उंच स्वरात गाताना पाहिली होती, तेवढेच.

ऑपेरा म्हणजे गाऊन करायचे नाटक. आपल्या संगीत नाटकात पात्रे बोलतात आणि मध्येच पद म्हणतात. ऑपेरात मात्र बहुधा सारेच गाऊन. भांडणही गाऊन, निरोपही गाऊन, आणि मरतानासुद्धा चांगले पाच-दहा मिनिटे गाऊन! हा प्रकार इटलीत साधारण १६०० च्या सुमारास सुरू झाला. आधी तो राजेरजवाड्यांच्या महालात चालायचा. मग १६३७ साली व्हेनिस शहरात पहिले असे ऑपेरागृह निघाले, की जिथे पैसे देऊन कोणालाही जाता येई. पुढे युरोपात प्रत्येक मोठ्या शहराला वाटू लागले, आपल्याकडे एक भव्य ऑपेरा हाऊस पाहिजेच.

आणि आपल्याकडे? १८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले. दहा वर्षांनी, म्हणजे १८५३ साली, त्यांची मंडळी मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात खेळ करून आली. त्या नाटकगृहासाठी जागा दिली होती नाना शंकरशेटांनी. मग आले अण्णासाहेब किर्लोस्कर. पारशी मंडळींचा ऑपेरा पाहून त्यांना वाटले, हे आपल्या भाषेत का होऊ नये? त्यातून १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. त्यात दोनशेच्या आसपास पदे होती. म्हणजे बघा, आपले संगीत नाटक हे ऑपेराचे दूरचे भावंडच म्हणायचे.

"आणि ती शकुंतला, ही शकुंतला..." धाकट्याने मागे बोट केले. नाही रे बाबा, नाटकाचा आणि गाडीचा काही संबंध नाही!

वऱ्हाडाचा मात्र संबंध आहे, आणि तो चांगला घट्ट आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे नाव मराठीच्या पुस्तकात आले असेल. हे अकोल्यात वकिली करत, पुढे जळगाव-जामोदला. त्यांच्या 'वीरतनय' नाटकात त्यांनी पारशी रंगभूमीवरच्या चाली घेतल्या. जुन्या मंडळींनी नाके मुरडली, पण प्रेक्षकांनी त्या चाली उचलून धरल्या. राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानत. अमरावतीचे वीर वामनराव जोशी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आणि नाटकेही लिहीत. त्यांचे 'रणदुंदुभि' मास्टर दीनानाथांच्या कंपनीने गाजवले. आणि १९०५ साली मुंबईत पहिले मराठी नाट्यसंमेलन भरले, त्याचे अध्यक्ष कोण होते माहीत आहे? अमरावतीचे दादासाहेब खापर्डे! टिळकांचे स्नेही, नामांकित वकील, आणि थाट असा की लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणत.

शेगाव गेले तोवर दोघे झोपले होते. माझे अर्धे भाषण समोरच्या बाकावरच्या आजोबांनी ऐकले.

सकाळी दादरला उतरलो. तिथे नातेवाइकांकडे आंघोळी-जेवणे उरकली आणि दुपारी लोकलने चर्नी रोड. पूर्वेला बाहेर पडून पाच-सात मिनिटे चालले की तो चौक येतो. चहूकडे गाड्यांचे भोंगे आणि मध्ये ती इमारत. मला वाटले होते, मी ओळखीन. पण ही स्वच्छ, उजळ इमारत मी कधी पाहिलीच नव्हती. दर्शनी बाजूला खांब, कमानी, फुलांच्या माळा, दगडी मूर्ती. या शैलीला 'बरोक' म्हणतात. साधी सरळ रेघ दिसली की तिला वळण द्यायचे, मोकळी जागा दिसली की तिथे नक्षी भरायची, असा त्या शैलीचा स्वभाव. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचे नक्षीदार खांब पाहिलेल्याला ती फार परकी वाटत नाही. त्यात इथे युरोपच्या नक्षीत भारतीय नक्षीही मिसळलेली आहे.

खेळाला वेळ होता. समोरच्या फुटपाथवर उभे राहून मी मुलांना तिची जन्मकथा सांगितली, ती तुम्हालाही सांगतो.

१९०८ साली या नाटकगृहाची कल्पना निघाली. ती दोघांची. एक मॉरिस बँडमन. हा गृहस्थ कलकत्त्याला तळ ठोकून होता आणि त्याच्या नाटक मंडळ्या जिब्राल्टरपासून थेट जपानपर्यंत फिरत. आपल्या नाटक कंपन्या पडदे, पेट्या, तबले घेऊन आगगाडीने आणि बैलगाडीने गावोगाव जात. कापूस विकला गेला की वऱ्हाडात यायच्या, कारण तेव्हा शेतकऱ्याच्या खिशात चार पैसे खुळखुळायचे. बँडमनचे तेच, फक्त बैलगाडीच्या जागी आगबोट! दुसरे होते जहांगीर फ्रामजी कारका, कोळशाची दलाली करणाऱ्या पेढीचे प्रमुख. एकाकडे खेळ होते, दुसऱ्याकडे पैसा होता आणि मुंबईची माहिती होती.

बांधकाम चालू असतानाच १९११ च्या डिसेंबरात इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज हिंदुस्थानात आला. राजा काही रोज येत नाही! म्हणून इमारत पुरी व्हायच्या आतच त्याच्या हातून उद्घाटन उरकून घेतले. नावाच्या आधी 'रॉयल' लागले ते त्यामुळे. इमारत पुरी झाली १९१२ साली, आणि तरीही त्यानंतर दोन-तीन वर्षे काही ना काही भर घालणे चालूच होते. (आमच्या धाकट्याच्या मते त्यात नवल काही नाही. त्याच्या शाळेच्या नव्या वर्गखोल्यांचे उद्घाटनही गिलावा व्हायच्या आधीच झाले होते.)

एक मात्र खरे सांगायला हवे. नाव ऑपेरा हाऊस, पण अस्सल ऑपेरा तिथे थोडाच झाला. बँडमनच्या मंडळ्या बहुतेक हलकीफुलकी संगीत प्रहसनेच करत. आणि बघायला येणारे गोरे साहेब मुंबईत असे कितीसे होते? रोज एवढे मोठे थिएटर भरायचे म्हणजे गावातले प्रेक्षक आले पाहिजेत. गावातल्या प्रेक्षकांना त्यांच्या भाषेतला खेळ पाहिजे. तेव्हा रॉयल ऑपेरा हाऊसने मुकाट्याने आपला हट्ट सोडला. तिथे हिंदुस्थानी नाटके आली, मूकपट आले. बालगंधर्व तिथे गायले, मास्टर दीनानाथ गायले, मास्टर कृष्णराव, बापूराव पेंढारकर, ज्योत्स्ना भोळे यांचेही आवाज तिथे घुमले. राजाने उद्घाटन केलेल्या थिएटरात पुण्या-मुंबईचे शालजोडीवाले आणि गिरगावच्या चाळीतले कारकून शेजारी-शेजारी बसून नाट्यपदांना 'वन्स मोअर' देऊ लागले. मला हा या इमारतीचा सगळ्यात छान काळ वाटतो. माझे मत आहे हं, इतिहासाच्या पुस्तकात असे लिहिलेले नाही.

१९३५ साली ते 'आयडियल पिक्चर्स' या कंपनीने घेतले आणि बोलपटांसाठी त्यात फेरफार केले. सिनेमाला पडदा सगळ्यांना समोरून दिसावा लागतो. ऑपेरागृहात रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना श्रीमंतांसाठी सज्जासारखे 'बॉक्स' असतात. तिथून पडदा तिरपा दिसणार. तेव्हा जुने बॉक्स गेले, नव्या धाटणीची सजावट आली. तरीही नाटके पूर्ण थांबली नाहीत. पृथ्वीराज कपूर यांच्या 'पृथ्वी थिएटर्स'ने १९४५ साली 'दीवार' हे नाटक इथेच केले. एकत्र राहणाऱ्या दोन भावांमध्ये परकी माणसे फूट पाडतात आणि घरात भिंत उभी राहते, अशी त्याची गोष्ट. फाळणीला अजून दोन वर्षे अवकाश होता! खेळ संपला की एवढा मोठा नट दाराशी झोळी पसरून, मान खाली घालून उभा राहायचा आणि चांगल्या कामांसाठी प्रेक्षकांकडून मदत गोळा करायचा. मान खाली का, तर कोण किती टाकतो ते आपल्याला दिसू नये म्हणून, असे सांगतात.

१९५२ साली गुजरातेतल्या गोंडलच्या महाराजा विक्रमसिंहजींनी ही वास्तू घेतली. (याच घराण्यातले आधीचे भगवतसिंहजी फार वेगळे राजे. त्यांनी राज्यात मुलींना शाळेत पाठवणे सक्तीचे केले आणि गुजराती भाषेचा एक अवाढव्य कोश करवून घेतला.) पुढची कितीतरी वर्षे तिथे सिनेमा चालला. आमचे मामा तिथे छत पाहायचे ते याच काळात. मग घरोघरी टीव्ही आला, व्हिडिओ आला, केबल आली. खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. एवढ्या मोठ्या इमारतीचा रोजचा खर्चच निघेना. १९९३ साली कुलूप लागले.

तेवीस वर्षे! नुसती बंद असलेली इमारत जागच्या जागी राहते असे आपल्याला वाटते. तसे नसते. छपराची एक फट बुजवायला माणूस नसला की पावसाळ्यात पाणी आत येते, लाकूड कुजते, गिलावा सुटतो, पक्षी बी टाकतात आणि पिंपळ भिंतीत पाय रोवतो. २०१२ साली जगभरातल्या धोक्यात असलेल्या वास्तूंच्या एका यादीत, 'वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच' तिचे नाव, रॉयल ऑपेरा हाऊसचा समावेश झाला. त्याआधीच गोंडलच्या राजघराण्याने, महाराजा ज्योतेंद्रसिंहजी आणि महाराणी कुमुदकुमारी यांनी, दुरुस्तीचे काम आभा नारायण लांबा या वास्तुविशारद बाईंकडे सोपवले होते. जुन्या इमारती मूळ रूपात आणण्याचे काम त्या करतात. त्यांनी जुने फोटो मिळवले, वरचे थर काढून खालचे मूळ काम शोधले, सिनेमाच्या काळात गेलेले बॉक्स पुन्हा उभारले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी पडदा पुन्हा वर गेला. त्या दिवशी गायल्या पॅट्रिशिया रोझारिओ. जन्म मुंबईचा, नाव कमावले इंग्लंडात, आणि गाणे कोणते? ऑपेराचेच! पुढच्याच वर्षी या कामाला युनेस्कोचा वारसा-संवर्धनाचा पुरस्कार मिळाला.

फाटकातून आत गेलो, तेव्हा मी क्षणभर गजांपाशी थांबलो. धाकटा म्हणाला, "मामा, चाला न!"

आत शिरल्यावर आधी दर्शनी दालन लागते. तिथे स्फटिकाची मोठी झुंबरे आहेत. ती दिली ससून कुटुंबाने. त्यांचा भायखळ्याला 'सां सुसी' नावाचा वाडा होता, आता तिथे मसीना रुग्णालय आहे. झुंबरांनाही तेच नाव पडले. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ 'निश्चिंत'. हे ससून मूळचे बगदादचे. मुंबईत येऊन त्यांनी अफूचा आणि कापसाचा व्यापार केला, पुढे कापडाच्या गिरण्या काढल्या.

"कापूस!" धाकटा जवळजवळ ओरडलाच. दाराशी उभ्या असलेल्या गृहस्थांनी ओठांवर बोट ठेवले.

हो, कापूस. त्या झुंबरातला कोणता लोलक कोणत्या गावच्या कापसाचा, हे काही सांगता यायचे नाही. पण मुंबईचे नाटक, मुंबईचे महाल, मुंबईच्या गिरण्या, हा सारा थाट ज्या पैशावर उभा राहिला, त्यात अकोला, अमरावती, खामगावच्या काळ्या मातीचा वाटा होता, एवढे नक्की. पिकवणाऱ्याने मात्र हे झुंबर कधी पाहिले नाही. आमच्या मामांनी पाहिले, तेही पेढीच्या पगारातून तिकीट काढून.

आमच्या जागा वरच्या सज्जात होत्या. बसलो आणि मी आधी मान वर केली. आठ पाकळ्या! मामांनी हवेत काढून दाखवल्या होत्या अगदी तशाच. जगातले कवी, कादंबरीकार आणि नाटककार यांना मान देण्यासाठी घुमटाचे असे आठ भाग केले आहेत. भोवती सोनेरी वेलबुट्टी. सभागृह काही फार मोठे नाही, आता तिथे पावणेसहाशेच्या आत-बाहेर खुर्च्या आहेत. आपल्याकडची लग्नाची कार्यालयेसुद्धा त्याहून मोठी असतात. पण ते उंच आहे, मजल्यावर मजला चढत गेलेले.

"एवढ्या वर ऐकू येईल का?" थोरलीला शंका आली.

हीच तर या घुमटाची करामत. बांधतानाच छत असे केले होते, की सगळ्यात वर, सगळ्यात स्वस्त जागेवर बसलेल्यालाही प्रत्येक शब्द ऐकू जावा. तेव्हा मायक्रोफोन नव्हते. आवाज गायकाच्या तोंडातून निघतो, भिंतींवर, छतावर आपटतो आणि परत फिरतो. तो फार उशिरा परत फिरला तर शब्दात शब्द मिसळतात, रिकाम्या गोदामात बोलल्यासारखे. लगेच विरला तर आवाज कोरडा वाटतो. छताची वळणे, नक्षीचे उंचवटे, पडदे, गाद्या आणि चक्क प्रेक्षकांचे कपडे, सगळे मिळून तो मेळ साधतात. ऑपेराचे गायकही एक युक्ती शिकतात. साथीला वीस-तीस वाद्ये असली तरी त्यांचा आवाज त्यांच्यावरून पलीकडे जातो, कारण घसा आणि तोंड विशिष्ट तऱ्हेने ठेवून ते आवाजातल्या ज्या कंपनांना जोर देतात, तिथे वाद्यांचा जोर कमी असतो. सेकंदाला साधारण तीन हजार कंपने. आणि आपला कानही नेमका तिथे तिखट असतो. आहे ना गंमत?

आई सांगते, गाडगेबाबांच्या कीर्तनाला मैदान भरलेले असायचे आणि त्यांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा. तिथे ना घुमट, ना भिंत. त्यांची युक्ती वेगळी. ते समोरच्यांना प्रश्न विचारायचे आणि सगळे मैदानच उत्तर द्यायचे!

दिवे मंदावले. त्या संध्याकाळी पियानोच्या साथीने गायनाचा कार्यक्रम होता. भाषा इटालियन, आम्हा तिघांनाही एक शब्द कळत नव्हता. पहिल्या गाण्याला धाकटा चुळबुळ करत होता. तिसऱ्या गाण्यात गायिकेने एक स्वर इतका बारीक, इतका हळू लावला की तो आहे की संपला तेच कळेना, आणि तरी तो आमच्या वरच्या सज्जात स्पष्ट ऐकू येत होता. धाकट्याने मान वर केली आणि तो स्वर कुठून येतो ते छतात शोधू लागला. मी समोर बघतच नव्हतो. मी त्याच्याकडे बघत होतो.

बाहेर पडून चौपाटीवर गेलो. लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे तिथे, १९२० साली इथेच त्यांचे अंत्यसंस्कार झाले. पुतळ्याच्या आसपास भेळ खाताना (तीन प्लेट, प्रत्येकी एक) थोरलीने एकदम विचारले, "मामा, आपल्या इथलं ते थिएटर कोण दुरुस्त करील?"

ती कशाबद्दल बोलतेय ते मला कळले. मी शाळेत असताना आमच्या गावातल्या एका सभागृहात पहिले बालनाट्य पाहिले होते. ते मी तिला येता-जाता दाखवतो. बरीच वर्षे ते बंद आहे. पत्रे गेले आहेत, आत बाभळी वाढल्या आहेत. नाव सांगत नाही, तुमच्याही गावात असे एखादे असेलच.

मी तिला खरे ते सांगितले. ऑपेरा हाऊस वाचले, कारण मालकांनी ते पाडून टोलेजंग इमारत बांधली नाही, त्यांच्याकडे पैसा होता, आणि त्याचे नाव जगभर माहीत होते. आपल्या सभागृहाचे तसे काही नाही. कदाचित ते पडेल. तिला हे उत्तर मुळीच आवडले नाही. ती बराच वेळ बोलली नाही.

परतताना मूर्तिजापूरपर्यंत न जाता आम्ही अकोल्यालाच उतरलो. आईला सगळा वृत्तांत दिला. घुमट, आठ पाकळ्या, झुंबरे. ती भाजी निवडत ऐकत होती. मग म्हणाली, "तुह्या मामानं मले कितीदा सांगतलं ते. पण नाटक पाहाले मुंबईले कायले जा लागते? मी लहान होतो तवा इथीच कंपनी ये. तट्ट्याचं थेटर बांधत. रातभर चाले नाटक. आम्ही घरून सतरंजी घेऊन जाओ."

"कुठे आजी? अकोल्यात कुठे?" थोरली सरसावून बसली.

आईने हात केला तो नदीच्या बाजूला. तिथे आता दुकाने आहेत, पण ती म्हणते, एक जुने कडुनिंबाचे झाड अजून असेल, त्याच्याच खाली तिकिटाची खिडकी होती. थोरलीने वही काढली आणि कोणते नाटक, कोणती कंपनी, तिकीट किती, असे एकेक विचारायला सुरुवात केली. काही आईला आठवले, काही नाही.

येत्या रविवारी ते झाड शोधायला जायचे ठरले आहे. आजीच्या गुडघ्यांनी परवानगी दिली तर.